हीटर दुरुस्तीची थंडी

गाडीला हीटर असतो ही गोष्ट आमच्या नवी मुंबईतली माणसं गाडी घेताना एकदा ऐकतात आणि शोरूमबाहेर पडेपर्यंत विसरतात. इथे बारा महिने एसी. त्या गोल बटणाची निळी बाजू बोटं घासून पुसट होते आणि लाल बाजू नव्यासारखी चकचकीत राहते. आमच्या गाडीचं मात्र उलटं आहे. आमची लाल बाजू पुसट झाली आहे. परवा सकाळी सीवूड्सच्या सिग्नलला काच खाली केली, तर खाडीवरून आलेला गारवा थेट कानात शिरला. माझं बोट आपोआप त्या लाल बाजूकडे गेलं, आणि मला आण्णांची ती थंडी आठवली.

आमच्याकडची थंडी तशी नावालाच. कपाटातून स्वेटर काढावा, त्याला डांबरगोळीचा वास येतोय म्हणून गॅलरीत टाकावा, आणि वास जाईपर्यंत थंडीच निघून जावी, असा सगळा मामला. तरी जेवढे दिवस ती असते तेवढे दिवस गाव बदलून जातं. सोसायटीचा वॉचमन पुठ्ठे जाळून शेकत बसतो. तळोज्याच्या कारखान्यांकडचा तो आंबूस वास एरवी वाऱ्यावर निघून जातो, तो पहाटे जमिनीलगत बसून राहतो. संध्याकाळी करावे गावाच्या बाजूने गेलं तर कुठेतरी पोपटी लागलेली असते, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास रस्त्यापर्यंत येतो. पाम बीचवर चालायला येणारी मंडळी महाबळेश्वरला आल्यासारखी मफलर गुंडाळून फिरतात, आणि नऊ वाजता तेच मफलर हातात घेऊन घाम पुसत घरी जातात.

आण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावच्या पुढचे. उभा जन्म कांदा-बटाट्याच्या मार्केटात माथाडी म्हणून काढला. पाठीवर गोणी आणि तोंडात शब्द कमी. त्यातही सुनेशी बोलायला शब्द अजिबात नाहीत. त्यांच्या गावात सासऱ्याने सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, आणि ती रीत त्यांनी गोणीबरोबर इथे आणली. लग्न होऊन मी आले तेव्हापासून आमच्यातलं सगळं बोलणं सासूबाईंमार्फत चालायचं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना ते सासूबाईंना सांगायचे, "सूनबाईला म्हणावं, आमटी चांगली झालीया." सासूबाई वळून मला म्हणायच्या, "आमटी चांगली झालीय म्हणतात." मी सासूबाईंना म्हणायचे, "अजून वाढू का विचारा." आमटी गार व्हायची, पण रीत मोडायची नाही.

माझं माहेर पनवेलचं. आमच्याकडे जेवताना सगळे एकदम बोलतात. मला आधी या प्रकाराचं हसू यायचं, मग राग यायचा, आणि पुढे पुढे तर कळेनासंच झालं की आम्ही एकमेकांशी बोलत नाही म्हणून.

त्या वर्षी गणपती झाले आणि सासूबाई गेल्या. घरातलं माणूस गेलं, आणि आण्णांच्या-माझ्यातली तारही गेली. मग ते काम माझ्या मुलीकडे, गौरीकडे आलं. "गौरे, आईला सांग, चहात साखर न्हाय." ती बिचारी दहावीत, कानात ते इअरफोन. तिला ऐकू जायचंच नाही. मग आण्णा भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा मिळाला तर बरं हुईल." भिंत ते मला सांगायची.

थंडी पडायला लागली तसं त्यांनी एक दिवस गौरीला सांगितलं, "बापाला सांग, मी आता गावाकडंच ऱ्हानार. कायमचा. हितं माझं काय हाय?"

विलास, माझा नवरा, तळोज्याला एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. तो आला तेव्हा घरात खूप बोलणं झालं. गावाला घर आहे, पण त्या घरात माणूस नाही. पुतण्या शेत करतो, तो वस्तीवर राहतो. आण्णांना साखर, म्हणजे मधुमेह, फार वर्षांपासूनचा. एकटे कसे राहणार, खाणार काय, गोळ्या कोण देणार.

"चूल हाय. भाकरी येती मला," आण्णा म्हणाले. "मार्केटात असताना आमी सगळे हातानंच करून खात हुतो. शाळू पोटरीला आला असंल आता, कणसं भायेर पडतील. मला जाऊ द्या."

मला त्यांनी जावंसं वाटत होतं की नको, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. गौरीचं वर्ष महत्त्वाचं, घर लहान, त्यांच्या खोलीत तिचं टेबल लागलं असतं. आणि त्याच वेळी, सकाळी उठल्यावर त्यांची ती पांढरी टोपी गॅलरीत दिसली नाही तर कसं होईल, असंही वाटायचं. दोन्ही खरं होतं. माणसाला एका वेळी एकच काहीतरी वाटत असतं असं जे समजतात, त्यांनी कधी एकत्र कुटुंबात राहून बघितलेलं नसावं.

आण्णांची अडचण एकच होती. त्यांचे पाय गार पडायचे. रात्री दोन-दोन मोजे घालूनही गार. आणि गावाला जायचं ते पहाटेच निघायचं, दुपारच्या आत दारात पोचायचं, हा त्यांचा जुना नेम. खंबाटकी घाटात पहाटे पाय बधिर होतात म्हणाले. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं, की गाडीत गरम हवेचं यंत्र असतं.

विलासने ते उचललंच. "आण्णा, हीटर आहे आपल्या गाडीत, पण बिघडलाय. तेवढा दुरुस्त होऊ द्या, मग मी स्वतः सोडतो." हे तो दिवस ढकलायला म्हणाला, ते मला तेव्हाच कळलं. वडिलांना नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती, म्हणून त्याने ते काम हीटरवर सोपवलं. पण हीटर खरोखरच बिघडलेला निघाला.

आमचा गॅरेजवाला जनार्दनभाऊ, करावे गावातला. त्याच्याकडे गाडी नेली, तेव्हा पंखा फक्त चार नंबरवर चालत होता. एक, दोन, तीनवर गप्प, आणि चारवर एकदम वादळ. त्यात टकटक आवाज. त्याने डाव्या बाजूचा कप्पा सोडवून हात आत घातला आणि बदामाची वाळलेली पानं, एक चॉकलेटचा कागद आणि गौरीची बालवाडीतली केसांची पिन बाहेर काढली. टकटक थांबली. पंख्याचा वेग कमीजास्त करणारा छोटासा भाग जळला होता, तो बदलला. मग पंखा शहाण्यासारखा चढत्या क्रमाने फिरायला लागला, पण हवा गारच.

जनार्दनभाऊने बॉनेट उघडलं आणि हसायला लागला.

"म्याडम, येवा बघा. हीटरचे पाइप कोनीतरी बंदच करून टाकलेत. पानी तिकडं जातच नाय."

"कोणी केलं?"

"कोनी बी असंल. पाइप गळला असंल, म्हनला असंल, नवा कशाला टाकू, इकडं हीटर कोन लावतो? आमी पन तसंच करतो."

त्यानेच मला समजावलं, की हीटर म्हणून गाडीत वेगळी शेगडी वगैरे काही नसते. इंजिन तापतं, त्याचं गरम पाणी पुढच्या डॅशबोर्डमागे एका छोट्या जाळीतून फिरवतात, आणि पंखा त्यावरून हवा मारतो. स्वतःची अशी ऊब हीटरकडे नसतेच. मला हे कितीतरी दिवस पुरलं. भाजी चिरताना, पतपेढीत काउंटरवर बसल्याबसल्या मी याचा विचार करायचे. आमच्या घरातही सासूबाई अशा कुठेतरी आत, न दिसणाऱ्या जागी बसलेल्या होत्या, आणि आम्ही सगळे आपापला पंखा फिरवून समजत होतो की घर उबदार आहे ते आमच्यामुळे.

नवा पाइप टाकला. आण्णांना मागच्या सीटवर बसवून विलासने एक चक्कर मारली. घरी येऊन आण्णा गौरीला म्हणाले, "गार हाय." परत गॅरेज. आत हवा धरली होती म्हणे, ती काढली. आण्णा म्हणाले, गार. इंजिन तापू न देणारी एक झडप उघडीच अडकली होती, ती बदलली. आण्णा म्हणाले, गारच.

आता यातली खरी गंमत सांगते, आणि ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. त्या दिवसांत पुढच्या चकरा मी मारायचे, आणि गाडी चालवताना मला भयंकर उकडायचं. मानेवरून घाम ओघळायचा, ब्लाउज पाठीला चिकटायचा. पण माझं तेव्हा पाळी जायचं वय सुरू झालं होतं. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, पतपेढीतही, देवापुढेही. त्यामुळे गाडीत उकडलं तेव्हा मी म्हटलं, आल्या माझ्या वाफा. काच खाली करून गप्प बसायचे. मागे सासरे बसलेले असताना हे कुणाला आणि कसं सांगणार?

विलासने एकदा हवेपुढे हात धरला. मी बघितलं, त्याने तो चटकन मागे घेतला. "गरम येतंय की," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण आण्णा नाही म्हणतायत, म्हणजे जेवढं यायला पाहिजे तेवढं येत नसेल." म्हाताऱ्या माणसाचा शब्द आणि स्वतःचा हात, यात त्याने शब्द खरा धरला. मीही तेच केलं. माझ्या अंगाला जे कळत होतं ते मी वयावर ढकललं. घरातल्या दोन धडधाकट माणसांना ऊन-गार कळत होतं, आणि दोघांनीही ते कळणं मोडीत काढलं.

शेवटी जनार्दनभाऊ वैतागला. "म्याडम, आता गाडीत बदलायला काय उरलंच नाय. आजोबांना तुमी फुडं बसवा. त्यांचा हात धरा हवेवर. मंग मला सांगा."

रविवार होता, पण विलासची शिफ्ट होती आणि गौरी क्लासला. आण्णांना पुढे बसायचं म्हणजे माझ्या शेजारी बसायचं. ते गॅरेजच्या दारात बराच वेळ टोपी सारखी करत उभे राहिले. मग बसले, दाराला अगदी चिकटून. मधे कुणी नाही. गौरी नाही, विलास नाही, भिंतही नाही. मी गाडी पाम बीचवर काढली.

खाडीच्या बाजूला ऊन कोवळं होतं. पाणथळीत रोहित पक्षी येऊन उतरलेले, चिखलात माना घालून उभे. एरवी मी कुणालाही दाखवलं असतं, ते बघा. पण आण्णांना कसं दाखवायचं ते कळेना. तेही समोरच्या काचेकडे बघून बोलत होते.

"फ्यान वाढवावा."

मी वाढवला.

"अजून वाढवावा."

मी चारवर नेला. लाल बाजू शेवटपर्यंत फिरवली. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. आण्णांनी चप्पल काढून पाय पुढे केला, जिथे खाली हवा येते तिथे अंगठा टेकवला, आणि तळहात समोरच्या जाळीवर दाबून धरला.

"गारच हाय," ते काचेला म्हणाले.

मी काच खाली करायला बटणाकडे हात नेला आणि सहज त्यांच्याकडे बघितलं. आण्णांच्या कानशिलावरून घाम निथळत होता. टोपीची कड ओली झाली होती. सदरा गळ्याशी भिजला होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला तर, यांना तर पाळी जायचं वय नाही.

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्यासमोरच्या जाळीवर हात ठेवला. चटका बसला.

"आण्णा," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना तोंडावर हाक मारल्याचं मला आठवत नाही. "आण्णा, तुम्हाला घाम आलाय."

त्यांनी दुसरा हात कपाळाला लावला आणि ओली बोटं डोळ्यासमोर धरून बघितली. पुष्कळ वेळ बघितली. मी त्यांचा जाळीवरचा हात धरून बाजूला घेतला. तो हात गोण्या ओढून ओढून लाकडासारखा झालेला, आणि तळवा लालबुंद. पायाचा अंगठाही तसाच. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कसलीच कळ नव्हती.

मागून गाड्या जात होत्या. मी पंखा बंद केला. त्या शांततेत आण्णांना जे समजायचं ते समजलं, मला सांगावं लागलं नाही.

"म्हंजे गाडी बरी हाय," ते म्हणाले.

"हो."

"कवापास्नं झालं असंल हे?"

मग तेच म्हणाले, "अंघुळीच्या पान्याला ती इसण घालायची. मी कवा बघितलंच न्हाय, किती कढत असतंय ते."

कढत पाण्यात गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेलसं करायचं, ते विसण. सासूबाई रोज आण्णांच्या बादलीत हात घालून बघायच्या, मग हाक मारायच्या. चहाचा पेलाही त्या आधी स्वतःच्या तळव्यावर ठेवायच्या. आम्हाला वाटायचं, जुन्या बायकांच्या सवयी. त्यांना तरी कितपत माहीत होतं कोण जाणे. कदाचित काहीच नसेल. पण आण्णांची कातडी केव्हा संपली आणि सासूबाईंचा हात केव्हा सुरू झाला, हे घरात कुणाला कळलं नव्हतं.

मला रडायला आलं. त्यांच्यासमोर रडायचीही रीत नव्हती, पण मी रडले. ते काचेकडे बघत राहिले आणि मग त्यांनी डॅशबोर्डवरचं गाडी पुसायचं फडकं उचलून माझ्यापुढे धरलं. ते ऑइलने माखलेलं होतं. मी त्यालाच डोळे पुसले.

घराकडे वळताना ते पहिल्यांदा मला उद्देशून बोलले. "सूनबाई, विलासला सांगू नगं. त्यो मला जाऊ द्यायचा न्हाय."

"आण्णा, चुलीपुढे बसल्यावर हात भाजला तर तुम्हाला कळणार नाही."

"म्हनूनच म्हनतोय, सांगू नगं."

सांगणार, असंही मी म्हटलं नाही आणि नाही सांगत असंही नाही. सोसायटीच्या फाटकाशी आल्यावर तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माझं मी सांगतो."

आणि सांगितलं. विलास शिफ्टवरून येऊन चपला काढत होता तेवढ्यात सांगितलं, "गाडीत काय बिघाड न्हाय. बिघाड माझ्यात हाय." पुढे डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टाचणीने तळवे टोचून बघितले. साखरेने नसा मेल्या आहेत, पायापासून सुरुवात होते, असं ते म्हणाले. पाय गार वाटतात तेही त्यानेच. जपायचं, बाकी काही नाही. आण्णांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "भाकरी थापता येईल का?" डॉक्टर म्हणाले, थापता येईल, भाजू नका.

शाळू निसवला तेव्हा आम्ही सगळे गावाला गेलो, आण्णांना ठेवायला नव्हे, घर आवरायला. कणसं वर आली होती आणि पुतण्याची बायको गोफण घेऊन पाखरं राखायला माळ्यावर उभी होती. आण्णा बांधावर जाऊन आले. मी चूल पेटवली, भाकरी केल्या, आणि ते चुलीपासून लांब, उंबऱ्याशी बसून बघत राहिले. आम्ही एवढे असूनही ते घर पोरकं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली पुतण्याच्या हातात दिली. "कडंच्या खोलीला जरा उंदीर लागत्यात, बघ," एवढंच म्हणाले. इतका मोठा निर्णय, आणि त्यांनी तो उंदरांवर आणून मिटवला. विलास मागच्या खोलीत जाऊन उगाचच खिडक्या तपासत होता.

पहाटे परत निघालो. गाडी मी चालवत होते, विलासची आदल्या आठवड्याची झोप राहिली होती, तो आणि गौरी मागे. आण्णा दार उघडून पुढे बसले, कुणी न सांगता. गाव मागे पडलं, उसाच्या गाड्या मागे पडल्या, पण त्यांनी वळून बघितलं नाही. घाट लागला तशी काचेवर वाफ धरायला लागली. दरीतलं धुकं रस्त्यावर आलं होतं. मागे दोघं गाढ झोपलेली.

आण्णांनी पाय जवळ घेतले आणि माझ्याकडे बघितलं. काचेकडे नाही, माझ्याकडे.

"सूनबाई, तुला गार वाटतंय का?"

मी स्वतःला विचारून बघितलं. तेव्हा कुठलीही वाफ अंगात नव्हती.

"हो आण्णा, वाटतंय."

"मंग मलाबी वाटत असंल," ते म्हणाले. "लाव हीटर."